लष्करी गाडीचे वय कुठून मोजायचे?

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली



आपल्या मंत्रालयाने 15 जुलै 2021 रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि जुन्या, जपलेल्या गाड्यांना या देशाच्या नियमांत पहिल्यांदा हक्काची जागा मिळाली. तोवर अशी गाडी आरटीओच्या लेखी नुसते मुदत उलटलेले वाहन होती. आता 50 वर्षे पूर्ण केलेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर कायम राहतो, नसेल तर ‘व्हीए’ अक्षरांच्या मालिकेतला नवा मिळतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुढे फेरनोंदणीला 5,000 रुपये, आणि एकदा केलेली नोंदणी 10 वर्षे चालते. हे काम व्हायलाच हवे होते आणि ते आपल्या कारकिर्दीत झाले याबद्दल जुन्या गाड्यांवर माया करणारी मंडळी आपले आभारच मानतील. पण हा नियम लिहिताना डोळ्यांसमोर होती ती खासगी मोटार. संस्थानिकांची, डॉक्टर-वकिलांची, एकाच घरात दोन-तीन पिढ्या सांभाळलेली. अशा गाडीचे कागद शोरूमपासून आजपर्यंत सलग असतात. लष्करी गाडीचे आयुष्य असे सलग नसते, आणि त्यामुळे या देशाच्या इतिहासाशी सर्वांत जवळचे नाते असलेल्या गाड्याच या नियमाच्या उंबऱ्याबाहेर राहिल्या आहेत. हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

अडचण एका तारखेची आहे. नियमाप्रमाणे 50 वर्षांची मोजणी सुरू होते ती पहिल्या विक्रीनंतर झालेल्या पहिल्या नोंदणीपासून. खासगी मोटार कारखान्यातून निघते, विकली जाते, तिचे पासिंग होते, हे सारे फार तर काही महिन्यांत. लष्करी गाडी मात्र कारखान्यातून थेट डेपोत जाते. तिच्यावर वर टोक केलेल्या बाणाने सुरू होणारा लष्करी क्रमांक रंगवला जातो, आणि वीस-पंचवीस वर्षे ती आरटीओची पायरी चढतच नाही. सेवा संपली की लिलाव होतो, कुणीतरी ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणून ती घेतो, आणि तो तिचे पासिंग करतो तेव्हा आरसी बुकात पहिली तारीख पडते. जबलपूरच्या वाहन कारखान्यात 1971 साली तयार झालेली जोंगा जातीची एक लष्करी गाडी डोळ्यांसमोर आणा. समजा ती 1996 मध्ये लिलावात गेली आणि त्याच वर्षी तिची नागरी नोंदणी झाली. बांगलादेश युद्धाच्या वर्षी जन्मलेल्या या गाडीने 2021 मध्येच पन्नाशी गाठली, पण आरसी बुकाच्या हिशेबाने ती 2046 पर्यंत व्हिंटेज ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धातली 1944 ची विलीज जीप सैन्यातून उशिरा बाहेर पडून 1979 मध्ये नोंदवली गेली असेल, तर वयाची ऐंशी उलटल्यावरही तिला थांबायला सांगितले जाते. मधल्या काळात या गाडीची गणना होते ती 15 वर्षे उलटून गेलेल्या कुठल्याही वाहनाबरोबर. तीच फेरनोंदणीची वाढीव फी, तीच फिटनेसची फेरी, आणि मोडीत काढा म्हणून तोच आग्रह. मालक म्हातारा होतो, मुलांना एवढी यातायात नको असते, आणि गाडी भंगारवाल्याच्या काट्यावर जाते. तिथे 1944 च्या पोलादाला आणि 2004 च्या पोलादाला किलोमागे एकच भाव मिळतो.

यासाठी नवा कायदा करायला नको. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 60 मध्ये संरक्षणाच्या कामी वापरल्या जाणाऱ्या केंद्र सरकारच्या वाहनांची नोंदणी खास नेमलेल्या प्राधिकरणाने करावी अशी तरतूद आहे. अशी नोंद असेपर्यंत त्या वाहनाला दुसऱ्या नोंदणीची गरज नसते. ते संरक्षणाच्या कामातून बाहेर पडले की मग इतरांना लागू असलेली कलमे त्याला लागू होतात. म्हणजे बाणाचा क्रमांक हीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने नोंदणीच आहे, आणि नागरी आरसी बुक ही त्याच गाडीची दुसरी नोंद. असे असताना व्हिंटेज ठरवताना दुसरीलाच पहिली धरायचे, यामागे काही धोरण असेल असे मला वाटत नाही. मसुदा तयार करताना या गाड्या कुणाच्या ध्यानात आल्या नाहीत, एवढेच झाले असावे. नियमाखाली एक स्पष्टीकरण जोडले तरी पुरे आहे: सैन्यदलातून निवृत्त झालेल्या वाहनाच्या बाबतीत लष्करी नोंदणीची तारीख, आणि ती उपलब्ध नसल्यास निर्मितीची तारीख, हीच पहिल्या नोंदणीची तारीख मानावी.

यावर आपले अधिकारी लगेच विचारतील की निर्मितीची तारीख सिद्ध कोण करणार? लिलावाचे कागद चाळीस वर्षांत गहाळ झालेले असतात, आरसी बुकावर निर्मितीचे वर्ष अंदाजाने टाकलेले असते, आणि जुन्या जीपच्या नावाखाली चार गाड्यांचे सुटे भाग जोडून उभी केलेली गाडी विकणाऱ्यांचा धंदाही जोरात चालतो. हरियाणातले मंडी डबवाली हे गाव तर अशा जोडलेल्या उघड्या जीपसाठी देशभर ओळखले जाते. शंका रास्तच आहे. पण लष्करी गाड्यांच्या बाबतीत एक गोष्ट फार सोयीची आहे. महायुद्धातल्या जीपच घ्या. त्या युद्धाच्या घाईत, हजारोंच्या संख्येने, एका आराखड्यावर बनल्या, आणि तरीही प्रत्येक कारखान्याने स्वतःच्या खुणा मागे ठेवल्या. अमेरिकी सैन्याने 1940 मध्ये हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा काढली तेव्हा पहिला नमुना 49 दिवसांत हवा होता. तो बँटम या छोट्या कंपनीने दिला. पुढे प्रत्यक्ष उत्पादन मुख्यतः विलीज आणि फोर्ड या दोघांकडे गेले, आणि 1945 पर्यंत दोघांनी मिळून 6 लाखांहून अधिक जीप बनवल्या. एकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे ही अट होती, म्हणून लांबून त्या अगदी सारख्या दिसतात. जवळ जाऊन बॉनेट उघडले की फरक कळू लागतो. चॅसिसच्या दोन्ही पट्ट्या पुढे जोडणारा आडवा दांडा विलीजमध्ये गोल नळीचा असतो, फोर्डमध्ये उलट्या पन्हाळीसारखा. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर ठोकले आहे. फोर्डचा चॅसिस नंबर डाव्या पट्टीच्या वरच्या अंगाला ठोकलेला सापडतो, आणि चाळीस वर्षांच्या रंगाचे थर खरवडल्याशिवाय तो दिसत नाही. डॅशबोर्डवर धातूच्या तीन पट्ट्या असतात. त्यांतल्या एकीवर गाडीचा अनुक्रमांक आणि सैन्याच्या ताब्यात दिल्याची तारीख असते. हेडलाइट एक पंखाची चाकी सैल करून मागे फिरवता येतो, म्हणजे अंधारात त्याच दिव्याच्या उजेडात इंजिन दुरुस्त करता यावे. ती बिजागरीची रचना आहे की नाही, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे की नाही, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत हत्यारांचे कप्पे आहेत की नाही, हे जाणता माणूस एका बैठकीत तपासू शकतो. पट्टी बनावट बसवता येते, कागद बनावट करता येतो. पण चॅसिसचा दांडा, ठोकलेला नंबर आणि शेकडो बोल्ट या सगळ्यांची एकाच वेळी बनावट करणे कुणाला परवडणारे नाही.

इतर देशांनी हेच केले आहे. ब्रिटनमध्ये जुन्या गाडीचे मूळ कागद नसतील, तर त्या जातीच्या गाड्यांचा अभ्यास असलेल्या मान्यताप्राप्त क्लबने तपासून दिलेले वयाचे प्रमाणपत्र नोंदणी खाते पुरावा म्हणून स्वीकारते. जर्मनीत 30 वर्षांवरच्या गाडीला 1997 पासून नंबरच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळते, आणि त्यासाठी तज्ज्ञाचा तपासणी अहवाल लागतो. आपल्याच मंत्रालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये जो मसुदा हरकतींसाठी काढला, त्यात गाडी पाहून निर्णय देणाऱ्या राज्यस्तरीय समितीची कल्पना होती. लष्करी वाहनांसाठी तीच कल्पना कामाला आणता येईल. समितीत आरटीओचा एक अधिकारी, सैन्याच्या इलेक्ट्रिकल-मेकॅनिकल इंजिनिअर्स दलातला एक निवृत्त तंत्रज्ञ, आणि या गाड्यांचा अभ्यास असलेला एक बाहेरचा माणूस, एवढे पुरे. महाराष्ट्रात तर अशा माणसांची वाण नाही. खडकीला लष्कराचे 512 बेस वर्कशॉप आहे, अहिल्यानगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. इथून निवृत्त झालेली, इंजिनचा आवाज ऐकून दोष सांगणारी पिढी अजून आपल्यात आहे. ती दहा वर्षांनी असेलच असे नाही.

तारखेइतकीच अडचण ‘मूळ रूपात राखलेली’ या अटीची. तत्त्व म्हणून ही अट योग्यच आहे. पण लष्करी गाडी मूळ रूपात आणायची तर ती हिरव्या लष्करी रंगात रंगवायला हवी, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम 121 सांगतो की संरक्षण खात्याच्या वाहनाखेरीज कुठल्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. एक नियम मूळ रूप मागतो, दुसरा त्यालाच बंदी करतो. मालक मग तिला खाकी, करडी किंवा भलत्याच हिरव्या छटेत रंगवतो. जपणूक म्हणून ती अर्धवट राहते आणि रंगाची ती छटा नेमकी कोणती यावर प्रत्येक तपासणी नाक्यावर नवा वाद होतो.

रंगाच्या बंदीमागे सुरक्षेचा विचार आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 13 डिसेंबर 2001 रोजी संसदेवर हल्ला करणारे गृह मंत्रालयाचे बनावट स्टिकर लावलेल्या, लाल दिव्याच्या पांढऱ्या अॅम्बेसेडरमधून आत शिरले. जानेवारी 2016 मध्ये पठाणकोटला हल्लेखोरांच्या अंगावर लष्करी पोशाख होते, पण गाडी होती एका पोलीस अधिकाऱ्याची, हिसकावून घेतलेली. या दोन्ही घटना आपल्याला एकच गोष्ट सांगतात. फसवायला निघालेला माणूस आज वापरात असलेली, नजरेत न भरणारी, पहारेकरी रोज पाहतो तशीच गाडी निवडतो. उघड्या टपाची, ऐंशी वर्षांची, रस्त्यावर जिच्याभोवती पाच मिनिटांत गर्दी जमते अशी जीप तो निवडणार नाही. तरीही शंका उरू नये म्हणून सूट सरसकट न देता फक्त व्हिंटेज नोंदणी झालेल्या लष्करी वाहनाला द्यावी, त्यावर सध्या वापरातला कुठलाही लष्करी क्रमांक, पथकाचे चिन्ह किंवा बाण रंगवू नये, आणि नागरी नंबरची पाटी पुढे-मागे ठळक असावी, अशा अटी घालता येतील. मालक त्या आनंदाने मान्य करतील.

इंजिनाचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, आणि तिथे मी मालकांच्या सगळ्याच मागण्यांच्या बाजूने नाही. जीपचे मूळ इंजिन 2.2 लिटरचे, साठ अश्वशक्तीचे, पेट्रोलवर चालणारे. 1973 नंतर पेट्रोलचे भाव चढले तेव्हा ते पोसणे शेतकऱ्याला, ठेकेदाराला किंवा चहामळ्याच्या मुकादमाला जमेना, आणि देशभरातल्या गॅरेजांत या जीपमध्ये डिझेल इंजिने बसली. आज नियम म्हणतो की चॅसिस, बॉडी किंवा इंजिन बदललेली गाडी व्हिंटेज नाही. मला वाटते डिझेल इंजिनाच्या जीपला आहे त्या रूपात व्हिंटेज दर्जा देऊ नये. जो दर्जा मूळ रूपासाठी आहे तो मूळ रूपालाच मिळावा. पण मालकाने त्याच जातीचे, त्याच काळातले पेट्रोल इंजिन शोधून पुन्हा बसवले, तर तो ‘बदल’ धरू नये. डिझेल बसले म्हणून ती गाडी भंगारात गेली नाही, पोटापाण्याला लागून टिकली. आता मालक तिला परत मूळ रूपात आणत असेल, तर इंजिन नंबर वेगळा आहे म्हणून फाईल बंद करणे अन्यायाचे होईल. कलम 52 खाली वाहनातले बदल तपासून मंजूर करण्याचा अधिकार आरटीओला आहेच. फक्त मूळ रूपाकडे परत नेणारा बदल आणि मूळ रूपापासून दूर नेणारा बदल यांत फरक करावा, असे परिपत्रक हवे.

प्रदूषणाचा आक्षेप लगेच येईल, आणि त्याचे उत्तर आपल्याच नियमात आहे. व्हिंटेज गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी नाहीच. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. वर्षातून मोजके दिवस धावणाऱ्या गाड्यांचा धूर शहराच्या हवेत शोधूनही सापडणार नाही. श्रीमंतांचे चोचले पुरवायचे का, हा आक्षेप मात्र जास्त खोलात जाऊन तपासायला हवा. रोल्स-रॉइसच्या मालकाला तो लागू होत असेल. लष्करी गाड्या मुळात गेल्या त्या वेगळ्या घरांत: बागायतदार, खाणीचे ठेकेदार, तालुक्याच्या गावातले गॅरेजवाले, सैन्यातून परतलेले सुभेदार. त्यांनी शिकारीला, लग्नाच्या वरातीला, निवडणुकीच्या प्रचाराला आणि ऊस कारखान्याच्या गटांवर या गाड्या राबवल्या. त्यांची मुले आज गाडी विकायला काढतात तेव्हा चांगला भाव देणारा शहरातला हौशी संग्राहक असतो आणि नियमाची अडचण दाखवून भाव पाडणारा दलालही असतो. कागद सरळ झाला तर गाडी गावातच, त्या घरातच राहण्याची शक्यता वाढते. 20,000 रुपयांची फीसुद्धा अशा घराला जड आहे. लिलावात निघालेल्या सैन्याच्या गाडीसाठी ती कमी करावी, असे मी सुचवीन.

युद्धाची साधने जपून युद्धाचे गोडवे गायचे का, असेही काहीजण विचारतात. जीप आणि ट्रक ही बहुतांशी ओझे वाहणारी वाहने होती. भाकरी, पाणी, जखमी माणसे आणि टपाल यांचीच ने-आण त्यांनी अधिक केली. जिथे ती लढली, तिथेही ती लढाई विसरण्याजोगी नाही. सप्टेंबर 1965 मध्ये असल उत्तरच्या शेतांत अब्दुल हमीद यांनी पॅटन रणगाड्यांना तोंड दिले ते जीपवर बसवलेल्या तोफेने. परमवीरचक्राच्या त्या कथेत रणगाड्यांइतकीच जीपही आहे. स्वतंत्र भारताचा मोटार उद्योगही याच गाडीला लागून वाढला. मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे खेड्यापाड्यांत ‘जीप आली’ म्हणजे सरकार आले, असे समीकरण बसले.

संग्रहालये आहेत की, असे कुणी म्हणेल. आहेत, आणि त्यांतले उत्तम एक आपल्याच राज्यात आहे. अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय 1994 पासून चिलखती दलाने सांभाळले आहे आणि रोल्स-रॉइसची चिलखती गाडी पाहायला लोक लांबून येतात. पण संग्रहालय रणगाडे ठेवते. साध्या जीपला, पाणी वाहणाऱ्या टँकरला, वायरलेसच्या गाडीला तिथे जागा कमीच असणार. जी गाडी सर्वत्र दिसते ती जपायची कुणाला सुचत नाही आणि मग ती सर्वांत आधी नाहीशी होते. बँटमने 49 दिवसांत बनवलेला तो पहिला नमुना आज अस्तित्वात नाही. त्याच 1940 साली फोर्डने बनवलेला ‘पिग्मी’ नावाचा नमुना वाचला आणि अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याला जागा मिळाली. शिवाय उभी ठेवलेली गाडी म्हणजे निम्मीच माहिती. इंग्लंडच्या बोव्हिंग्टन संग्रहालयाने 1943 मध्ये ट्युनिशियात पकडलेला टायगर रणगाडा पुन्हा चालता केला, कारण गिअर कसा पडतो, इंजिन किती तापते, आत बसलेल्याला काय ऐकू येते, हे धावत्या यंत्राखेरीज कशातूनच कळत नाही. आपल्याकडे हे ज्ञान मालकांकडे आणि त्यांच्या मिस्त्रींकडे आहे, पुस्तकांत नाही.

ट्रकांचा प्रश्न वेगळा काढतो, कारण तो सर्वांत दुर्लक्षित आहे. व्हिंटेजची व्याख्या खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकीपुरती आहे. मग 1959 पासून जबलपूरला जर्मन कंपनीच्या परवान्यावर बनलेला आणि 1996 पर्यंत बनत राहिलेला शक्तिमान ट्रक कुठे बसवायचा? महायुद्धात आलेले सहाचाकी जीएमसी कुठे? त्याच युद्धात कॅनडाहून आलेल्या फोर्डच्या चॅसिसवर भारतीय पोलादाचे चिलखत चढवून रेल्वेच्या आणि टाटांच्या कारखान्यांत बनलेल्या, ‘टाटानगर’ म्हणून ओळखल्या गेलेल्या चिलखती गाड्या कुठे? यंत्रोद्योगातल्या भारतीय कर्तृत्वाचा याहून ठोस पुरावा त्या काळातला क्वचितच असेल. एखाद्याकडे त्यातली एक गाडी गंजत पडली असेल तर आज तो ती दुरुस्त करूनही व्हिंटेज म्हणून रस्त्यावर आणू शकत नाही. ‘सैन्यदलातून निवृत्त झालेली, व्यापारी वापरात नसलेली, कितीही चाकांची वाहने’ असा एक उपवर्ग नियमात घातला, तर हा प्रश्न सुटतो.

म्हणून माझ्या मागण्या थोडक्या आहेत. कलम 60 खालची लष्करी नोंदणी ही पहिली नोंदणी मानावी, कागद नसतील तिथे गाडीच्या अंगावरच्या खुणा तपासून वयाचा दाखला देणारी समिती नेमावी, व्हिंटेज लष्करी वाहनाला नियम 121 मधून अटींसह सूट द्यावी, आणि ट्रकांना व्याख्येत घ्यावे. आणखी एक काम मात्र लगेच करण्यासारखे आहे, आणि त्याला नियम बदलावा लागत नाही. जबलपूरच्या कारखान्यात आणि सैन्याच्या वाहन डेपोंत गाड्यांच्या जुन्या नोंदवह्या आणि लिलावाच्या याद्या जिथे जिथे असतील, त्या मुदत संपली म्हणून नष्ट होऊ नयेत, असे पत्र आपण संरक्षण मंत्रालयाला पाठवावे. एखादी 1971 ची जोंगा उद्या समितीपुढे येईल तेव्हा तिचा क्रमांक ताडून पाहायला ती एकच वही असेल.